चौकातील माणसे

रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात दोन ओळखीची माणसे बऱ्याच दिवसांनी भेटली, की क्षेमकुशलानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सध्या काय करता?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडे नसते. परंतु ज्याला विचारले तो गृहस्थ चाळिशीचा, धडधाकट, दोन मुलांचा बाप असेल आणि गेली दोन वर्षे त्याच्या हाताला काम नसेल, तर हाच साधा प्रश्न त्याच्या जिव्हारी लागतो. "बघतोय, चाललंय," असे काहीतरी तो पुटपुटतो. पुढच्या रविवारी तो उशिरा येतो, मागच्या दाराशी उभा राहतो आणि आवार गजबजण्यापूर्वीच निघून जातो. त्याची पत्नी त्या दिवशी शेजारीच उभी होती. तिला कोणी काही विचारलेच नाही. "ती घरीच असते," एवढ्यावर तिचा परिचय संपला.

उमेदीच्या वयातील इतकी माणसे कामावर का नसतात, हा प्रश्न आम्हांला या आवारात भेटतो. अर्थशास्त्रज्ञ हे वय साधारणतः २५ ते ५४ असे धरतात. शिक्षण संपलेले, निवृत्ती दूर, अंगात बळ आणि डोक्यावर संसार, असे हे वय. या वयाचा माणूस दिवसा घरी दिसला की भोवतालचा समाज अस्वस्थ होतो, आणि त्या अस्वस्थतेपोटी घाईने निदान करतो : आळशी असेल, कष्टाची लाज वाटत असेल, बाटलीचा नाद असेल. हे निदान कितपत खरे आहे आणि ते करण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मालक पहाटे चौकात जातो आणि ठरलेल्या रोजावर मजूर घेऊन येतो. तो पुन्हा सकाळी जातो, दुपारी जातो, तिसऱ्या प्रहरी जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पाचव्यांदा जातो. त्या वेळीही तेथे माणसे उभीच असतात. तुम्ही दिवसभर काही न करता येथे का, असे तो त्यांना विचारतो. आपण चर्चच्या आवारात विचारतो तोच हा प्रश्न. त्यांचे उत्तर चार शब्दांत मावणारे आहे : आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. हा दाखला मुळात स्वर्गराज्याविषयी आहे, मजुरीच्या अर्थशास्त्राविषयी नाही, हे आम्ही जाणतो. तरीही त्यातील एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. मालकाने त्या उत्तराची उलटतपासणी केली नाही. सकाळी लवकर उठला होतात का, अंगात कला काय आहे, काल संध्याकाळी कोठे होतात, असे काहीही न विचारता त्याने ते उत्तर खरे मानले.

तो चौक आजही आहे. मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नाशिक, कोणत्याही वाढत्या शहरात सकाळी सात-आठच्या सुमारास मजूर नाक्यावर जाऊन पाहावे. गवंडी, सुतार, रंगारी, बिगारी आपापली हत्यारे, डब्याची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन उभे असतात. मुकादम किंवा ठेकेदार येतो, नजर फिरवतो आणि बोट दाखवतो. प्रथम तरुण व दणकट गडी जातात, मग ओळखीचे जातात. दहा-अकरा वाजता जे उरतात त्यांच्याकडे पाहिले म्हणजे उत्तर आपोआप मिळते. कोणाचे केस पिकू लागलेले असतात, कोणाचा हात पूर्वी पडून अधू झालेला असतो, कोणी नुकताच गावाहून आलेला असतो, कोणाच्या कडेवर मूल असते. त्यांच्यापैकी प्रत्येकजण पहाटेच उठलेला असतो. उरलेली माणसे आळशी म्हणून उरली नाहीत. निवडणाऱ्याने निवडले नाही म्हणून ती उरली.

कोणी म्हणेल, हे झाले अशिक्षित मजुरांचे. ज्याच्या हातात पक्की नोकरी होती, त्याचे काय? याचे उत्तर आपल्या मुंबईने दिले आहे. १४ सप्टेंबर १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमाविषयीचे आपले विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरण्यांमध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. कापड विणले जायचे थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, कमी मजुरीत आणि कमी संरक्षणात, विणले जाऊ लागले. थांबला तो लालबाग-परळचा कामगार. त्याचे वय तेव्हा तीस, पस्तीस, चाळीस होते.

हा माणूस कामचुकार होता असे कोण म्हणेल? तीन पाळ्यांच्या भोंग्यावर त्याचे आयुष्य बेतलेले होते. त्याच्या हातात कसब होते, परंतु ते साच्याचे कसब होते, आणि साचा नसेल तर त्या कसबाला बाजारात भाव नव्हता. साचा चालवणाऱ्या हातांना कोणी टंकलेखनाला बसवणार नव्हते, आणि चाळिशीच्या माणसाला शिकाऊ म्हणून घेण्याऐवजी मालक वीस वर्षांचा मुलगा घेत होते. शिवाय गिरणीत नोकरी लागे ती बहुधा गाववाल्यांच्या आणि नातेवाइकांच्या ओळखीने. गिरणी बंद पडली तेव्हा ओळख देणारेही त्याच दिवशी बेकार झाले. पुढे त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. त्यांत कामे निर्माण झाली खरी, पण ती त्याच्यासाठी नव्हती. क्वचित कोणी जुना कामगार त्याच जागेवर पहारेकरी म्हणून उभा राहिला असेल, तर त्याच्या मनात काय चालत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

गिरणीत पूर्वी 'बदली' कामगार असत. कायम कामगार गैरहजर राहिला तर आपली वर्णी लागेल, या आशेने ते रोज पाळीच्या वेळी हजर होत. काम मिळाले नाही तर घरी परतत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. संपानंतर झाले ते एवढेच, की सगळे गिरणगाव बदली कामगार झाले आणि फाटक मात्र कायमचे बंद राहिले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. काम गेलेल्यांपैकी काहीजण खरोखरच ढासळले. कोणी पत्त्यांत रमले, कोणी गुत्त्यावर, कोणी दिवसभर खाटेवर. पाहणारा म्हणतो, "बघा, काम करायचेच नाही याला." पण आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हा क्रम त्याने तपासलेला नसतो. तो क्रम तपासणारा एक जुना अभ्यास येथे आठवतो, आणि योगायोग असा की तोही एका कापड कारखान्याच्याच गावाचा आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गाव एकाच कारखान्यावर जगत होते. जागतिक मंदीच्या प्रारंभी तो बंद पडला आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसांना आता वेळच वेळ होता, तेव्हा ती अधिक वाचतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्यावरून जाणारे पुरुष संथ चालू लागले, मध्येच थांबू लागले. दिवसभरात काय केले हे त्यांना नीट सांगताही येईना. कालपर्यंत जे कष्टाळू होते, त्यांचा वेळच विसविशीत झाला होता. आपण ज्याला आळस म्हणतो तो पुष्कळदा बेकारीच्या पोटी जन्माला येतो, आणि आपण मात्र लेकराला आईची आई ठरवतो.

त्याच अभ्यासात आणखी एक नोंद आहे. रस्त्यावरून जाताना स्त्रिया पुरुषांइतक्या रेंगाळत नव्हत्या. कारण स्पष्ट होते. त्यांचा पगार थांबला होता, काम थांबले नव्हते. चूल, पाणी, मुले, धुणे आणि तेही पूर्वीपेक्षा कमी पैशांत. गिरणगावातही हेच घडले. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर कोणी खानावळ चालवली, कोणी शिवणयंत्र घेतले, कोणी दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी धरली, आणि घरचे काम वर होतेच.

आता आवारातल्या त्या पत्नीकडे वळू, जिला कोणी प्रश्नच विचारला नाही. सरकारी श्रमबल पाहणीत, केवळ स्वतःच्या घरचे काम करणारी स्त्री श्रमशक्तीच्या बाहेर मोजली जाते. बेकारांतही तिची गणना होत नाही, कारण बेकार म्हणवून घ्यायलाही काम शोधत असावे लागते. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील भारतीय स्त्रियांपैकी श्रमशक्तीत मोडणाऱ्या अवघ्या २३.३ टक्के होत्या. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४१.७ टक्क्यांवर गेले, परंतु त्यांतील बहुसंख्य स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकींच्या हातात स्वतंत्र मोबदला पडत नाही. त्याच वर्षी पुरुषांचे प्रमाण ७८.८ टक्के होते. मग उरलेल्या स्त्रिया दिवसभर करतात तरी काय? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीने हे मिनिटांत मोजले. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि जो पुरुष घरकामाला हात लावतो त्याचा ९७ मिनिटे. पाच तासांचे काम करून जी 'काही करत नाही' ठरते, तिच्याविषयीचा प्रश्न तिच्या आळसाचा नाही, आपल्या मोजपट्टीचा आहे.

मोजपट्टी बदलली म्हणजे सारे सुटेल असेही नाही. या स्त्रियांपैकी कित्येकींना बाहेर काम हवे असते. सासूचे आजारपण, मुलाची शाळा सुटण्याची वेळ, गाडीची गर्दी, परतायला होणारा अंधार, आणि "लोक काय म्हणतील" हे सगळे मिळून त्यांचे उत्तर लिहितात. त्यांना चौकात उभे राहण्याचीसुद्धा मुभा नाही. मालक पाच वेळा आला, तरी त्या त्याला दिसणार नाहीत.

तिसरे उदाहरण आपल्या सुशिक्षित मुलामुलींचे. पदवी घेऊन जो तिशी ओलांडेपर्यंत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत बसतो, त्याला आपण सहज नावे ठेवतो. पण ही वाट त्याने एकट्याने आखलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये राज्यसेवेच्या परीक्षांसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ वर नेली आणि मागासवर्गीयांची ४३ वर. म्हणजे अडतिसाव्या वर्षापर्यंत वाट पाहण्यास कायद्याची संमती आहे. बाहेर कंत्राटी नोकरी आहे. ती सहा महिन्यांची, आज आहे उद्या नाही अशी, आणि एकदा धरली की अभ्यास सुटतो. सरकारी नोकरीत आयुष्याची निश्चिंती आहे. जागा थोड्या आणि उमेदवार अगणित, हे त्याला ठाऊक असते. तरीही त्याचा हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. आणि या हिशेबात आपलेही आकडे आहेत. मुलीचे स्थळ पाहताना "मुलगा कायम आहे ना?" असे कोण विचारतो? ज्या वाडीने आजोबांना आणि बापाला काम दिले ती विकून आलेल्या पैशावर मुलाला वाढवताना, "तुला मातीत हात घालावे लागणार नाहीत," असा दिलासा त्याला कोणी दिला? जे हात आपणच मातीतून काढले, ते आता रिकामे आहेत म्हणून त्यांनाच दोष कसा द्यावा?

येथे कोणी संत पौलाचे नाव घेईल. थेस्सलनीकाकरांना लिहिताना त्याने स्पष्ट बजावले आहे, की ज्याची काम करण्याची इच्छा नाही त्याने अन्नावर हक्क सांगू नये. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा होता, तेव्हा हा त्याचा अधिकार आहे. परंतु त्याचे बोट इच्छेवर आहे, हे आपण विसरतो. ज्याची इच्छा नाही त्याला पौलाने फटकारले. ज्याला कोणी बोलावले नाही, त्याच्याविषयी तो तेथे बोलतच नाही. आपण मात्र पौलाचा शब्द उचलून चौकातल्या माणसाला मारतो. खरोखर कामाची इच्छा नसलेला माणूस जगात नाही, असे आम्ही म्हणत नाही. तो गरिबांत आहे तसा श्रीमंतांतही आहे, फरक एवढाच की श्रीमंताच्या रिकामपणाला कोणी बेकारी म्हणत नाही. पण एकाच्या आळसासाठी दहांच्या उत्तरावर अविश्वास दाखवणे हा न्याय नव्हे.

मग जबाबदार कोण? ज्याचा आम्ही वर उल्लेख केला त्या विश्वपत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी एक मोलाचा विचार मांडला आहे. कामगाराशी करार करणारा मालक हा प्रत्यक्ष मालक. त्याच्यामागे कायदे, शासन, बाजार, संस्था, देशादेशांतील व्यवहार असे जे सारे जाळे काम आणि मजुरी ठरवते, त्याला त्यांनी अप्रत्यक्ष मालक म्हटले. बेकारी हे सर्व बाबतींत अनिष्टच आहे आणि ती दूर करण्याचा भार या अप्रत्यक्ष मालकावरही आहे, अशी त्यांची भूमिका आहे. या जाळ्याचे काही धागे आपल्याही हातात असतात. आपण कमी दराने काम करून घेतो, ओळखीच्या मुलालाच चिकटवतो, पन्नाशीच्या माणसाचा अर्ज बाजूला सारतो. तेव्हा आपणही त्या मालकीत भागीदार असतो.

ही जबाबदारी आपल्या महाराष्ट्राने एकदा कायद्यात लिहून दाखवली होती. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामे निघाली. या योजनेमागे वि. स. पागे यांची दृष्टी होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला : ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने काम मागितले तर ते देणे शासनावर बंधनकारक. २००५ मध्ये केंद्राने कायदा केला तेव्हा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता. रोजगार हमीत भ्रष्टाचार झाला, हजेरीपटावर खोटी नावे चढली, हे खरे आहे. पण तिच्या मुळाशी असलेला विचार उदात्त होता. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. आज पगाराच्या कागदावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले पाहून आपण कुरकुरतो. त्या कपातीचा मूळ अर्थ असा होता, की शहरात ज्याला काम मिळाले आहे त्याने, खेड्यात ज्याला मिळाले नाही त्याच्यासाठी आपल्या रोजातून थोडे बाजूला काढावे.

दाखल्याच्या शेवटीही कुरकुर आहेच. तासभर राबलेल्यांना पूर्ण दिवसाचा रोज मिळतो आणि पहाटेपासून राबलेले चिडतात. आम्ही दिवसभराचे ओझे आणि ऊन सोसले, असे त्यांचे गाऱ्हाणे. ते खोटे नाही. पण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. उन्हात राबण्याचे ओझे त्यांनी सोसले होते. उन्हात उभे राहण्याचे सोसले नव्हते. पहाटे ज्याला बोलावणे आले, त्याच्या मनाला दिवसभर एक स्वस्थता होती की संध्याकाळी घरी काहीतरी नेता येईल. चौकात उरलेल्याने ती भीती तासातासाने मोजली होती. आणि घरी वाट पाहणाऱ्या लेकरांची भूक बाप पहाटे कामाला लागला की संध्याकाळी, यावर कमीजास्त होत नाही. मालकाने म्हणूनच रोज पूर्ण दिला. त्याने आधी काम दिले आणि मग रोज दिला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ नाणे हातावर ठेवले असते तर पोट भरले असते, पण आपली कोणाला गरज आहे हे त्या माणसाला कळले नसते.

आपल्यापैकी प्रत्येकाचा द्राक्षमळा असतोच असे नाही. सर्वांना काम देणे आपल्या हाती नाही. तरीही धर्मग्रामातील शेकडो कुटुंबांत कोणाचे दुकान आहे, कोणाची कचेरी, कोणाची वाडी. कोणाच्या कानावर रिकाम्या जागेची बातमी पहिली येते. ती बातमी मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचवणे आपल्या हाती आहे. कोणा आईला चार तास बाहेर पडता यावे म्हणून तिच्या मुलाला सांभाळणे आपल्या हाती आहे. आणि काही नाही तर आवारातला तो प्रश्न बदलणे आपल्या हाती आहे. "सध्या काय करता?" असे विचारल्यावर ज्याला खाली पाहावे लागते, त्याला "तुम्हांला काय काय येते?" असे विचारून पाहावे. त्याला पुष्कळ काही येत असते, ते कोणी विचारलेले नसते.

मालक चौकात पाच वेळा गेला. सकाळची माणसे कामाला लागली होती, मळा चालू होता, त्याची गरज कदाचित भागलीही होती. तरी दिवस मावळता मावळता तो पुन्हा निघाला, तेथे अजून कोणी उभे आहे का हे पाहायला. आपण शेवटचे कधी गेलो होतो?